सुरांवरचा हुकूम

संगीत जायज की नाजायज, हा वाद फक्त आपल्याकडचा, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. चौदाव्या शतकातील फ्रान्सचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

तिथल्या चर्चमध्ये लॅटिन प्रार्थनेची चाल ठरलेली असे. तिच्यावर आणखी आवाज चढवून गाण्याची रीतही जुनीच. १३२० च्या सुमारास या रीतीने नवे वळण घेतले. त्या शैलीला ‘आर्स नोव्हा’, म्हणजे ‘नवी कला’, म्हणतात. फिलिप द व्हित्री (१२९१-१३६१) यांच्या नावावर असलेल्या ग्रंथावरून हे नाव पडले. तोवर लांब सुराचे तीन भाग करणे हेच ‘परिपूर्ण’ मानत. त्याचा संबंध ख्रिस्ती त्रैक्याशी जोडत. नव्या मंडळींनी दोन भागांनाही तोच दर्जा दिला आणि ‘मिनिम’ हा छोटा सूर लिहिण्याची सोय केली. त्यामुळे प्रत्येक आवाजाची वेगळी लय अचूक लिहिता येऊ लागली.

१३२४-२५ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी आव्हिन्यों येथून याविरुद्ध हुकूम काढला. बारीक सुरांखाली मूळ चाल दडपते, गायक तिचे तुकडे करतात, कानाला नशा चढते आणि भक्ती हरवते, अशी त्यांची तक्रार होती. सणावाराला साधी स्वरसंगती तेवढी चालेल, असे त्यांनी ठरवले.

त्याच सुमारास, गियासुद्दीन तुघलकाच्या कारकिर्दीत (१३२०-१३२५), दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलिया यांना समाच्या प्रश्नावर उलेमांसमोर जबाब द्यावा लागला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दीनदार माणसाच्या जीवनात सुराला जागा किती, हा सवाल एकच.

पोपची तक्रार निराधार नव्हती. एकाच वेळी निरनिराळे शब्द गायले तर ऐकणाऱ्याला काय कळणार? पण नवी शैली आणणारेही धर्माबाहेरचे नव्हते. व्हित्री १३५१ मध्ये बिशप झाले. त्याआधी, १३४२ मध्ये गादीवर आलेल्या पोप सहाव्या क्लेमेंट यांच्या गौरवासाठी त्यांनी याच शैलीत रचना केली होती.

रीम्सच्या चर्चमधील धर्माधिकारी गियोम द माशो (मृत्यू १३७७) यांनी ‘मेस द नोत्र दाम’ ही उपासना चार आवाजांत बांधली. एकाच ज्ञात रचनाकाराने संपूर्ण उपासना संगीतबद्ध केल्याचे हे सर्वांत जुने उदाहरण मानतात. तिच्यातील लांबलचक मजकुराच्या भागांत चारही आवाज बहुतांशी शब्द एकत्रच उच्चारतात, म्हणून शब्द स्पष्ट ऐकू येतात.

आम्हाला ही गोष्ट मोलाची वाटते. आक्षेप खरा होता. पण त्याचे उत्तर बंदीत नव्हे, कलेतच सापडले.