शिशाच्या गोळीचा धडा

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून जुने शिकारी विस्तवावर ते वितळवून साच्यात गोळ्या ओतीत. मऊ गोळी हरणाच्या अंगात शिरताच पसरते. जनावर तडफडत न राहता लवकर मरावे, हा हेतू.

१८९० नंतरच्या दशकात कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी हेच तत्त्व लष्करी गोळीत आणले. धातूच्या वेष्टनाचे टोक उघडे ठेवून आतले शिसे मोकळे केले. शिकारीत जी दया, तीच रणांगणात क्रूरता ठरली. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांना मनाई केली. ब्रिटनने ती १९०७ साली मान्य केली. भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा व १९९१ ची दुरुस्ती यांनी हरणांची शिकारही बंद केली.

विद्यार्थीमित्रांनो, विद्येने हाताला कौशल्य येते. त्याला मर्यादा घालणे हे विवेकाचे काम आहे.