खंदक : एका शब्दाचा प्रवास

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील परंड्याचा भुईकोट तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. तेथे आपण बुरूज पाहतो, तोफांना हात लावतो. तटाभोवतीच्या खंदकाकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. वास्तविक कोटाचा पहिला पहारेकरी तोच. डोंगरी किल्ल्याला कडे राखतात. सपाटीवरच्या कोटाला कडे कोठून असणार? म्हणून सभोवार रुंद चर खणावयाचा, जमल्यास त्यात पाणी सोडावयाचे. मग शिड्या लावणे, दरवाजावर हत्ती घालणे, तटाखाली सुरुंग नेणे, सारेच अवघड. 1600 साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून राजधानी केली ती याच परंड्यास.

आमच्या काही मुलांना मराठीचा पेपर परक्याचा वाटतो. उलट खंदक, किल्ला, बुरूज हे शब्द बाहेरचे, असे म्हणणारेही भेटतात. त्या दोघांसाठी ही हकीकत.

हिजरी सन 5, म्हणजे इ. स. 627 मध्ये मदिनेवर सुमारे दहा हजारांची फौज चालून आली. तेव्हा हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या सल्ल्यावरून पैगंबर साहेबांनी (स.) शहराच्या उघड्या बाजूस खंदक खणविला. अरबांना ही युक्ती नवी होती. युक्ती इराणची आणि शब्दही मूळचा इराणचाच. तेथील जुन्या भाषेत ‘कंदग’ म्हणजे खणलेले; अरबांनी त्याचे ‘खंदक’ केले. पुढे नवव्या शतकात स्पेनमधून गेलेल्या अरबांनी क्रीट बेटावर खंदकाने वेढलेले शहर वसविले. त्याचे नावच ‘खंदक’ पडले, आणि व्हेनिसच्या लोकांनी त्याचे ‘कँडिया’ केले!

पण खरी गंमत पुढेच आहे. फारसी ‘कंदन’ म्हणजे खणणे. हा धातू आणि संस्कृत ‘खन्’ हे एकाच घरातले, आणि त्या ‘खन्’पासूनच आपले ‘खणणे’ आले. म्हणजे चौसाळ्याचा शेतकरी विहीर खणतो म्हणतो, तेव्हा तो खंदकाच्या सख्ख्या भावकीतला शब्द बोलत असतो. वस्तूही येथे अनोळखी नव्हती; कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त दुर्गाभोवती तीन परिखा सांगितल्या आहेत. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी लोकांच्या तोंडी खंदक राहिला तो राहिलाच.

यंदा सहलीला परंड्यास गेलात तर आत शिरण्याची घाई करू नका. आधी खंदकाच्या काठाने एक फेरी मारा.