‘कान्तेरो’: अक्षरविभागणी आणि रूपाचा इतिहास

इटालियनमधील ‘कान्तेरो’ (मी गाईन) या क्रियारूपाची अक्षरविभागणी ‘कान्-ते-रो’ अशी होते. ‘अक्षर’ ही संज्ञा येथे लिपिचिन्हासाठी नव्हे, तर उच्चारणाच्या एककासाठी योजली आहे. रूपिकांच्या दृष्टीने मात्र याच शब्दाची फोड ‘कान्त्-एर्-ओ’ अशी करावी लागते: धातू, भविष्यकाळाची खूण आणि पुरुषवाचक प्रत्यय. या दोन विभाजनांची एकही सीमा जुळत नाही. ही विसंगती आकस्मिक नाही. तिच्यात इतिहास साचलेला आहे.

अभिजात लॅटिनमध्ये ‘कान्ताबित्’ म्हणजे ‘तो गाईल’ आणि ‘कान्तावित्’ म्हणजे ‘तो गायला’. उत्तरकालीन लॅटिनमध्ये स्वरांमधील ‘ब’ आणि ‘व’ यांतील भेद लोपला आणि भविष्य व भूत यांत गल्लत होऊ लागली. ‘कान्तारे हाबेओ’ (मला गायचे आहे) ही कर्तव्यवाचक रचना याच सुमारास भविष्यार्थी रुळत गेली. सातव्या शतकातील फ्रेदेगारच्या नावावरील बखरीत आढळणारे ‘दारास’ (तू देशील) हे रूप या संयोगाचा प्राचीन पुरावा मानले जाते. स्पॅनिशमधील अशाच घडणीची नोंद नेब्रिखाने १४९२च्या व्याकरणात केली होती.

लॅटिन रचनेतील सहा अक्षरांची इटालियनमध्ये तीन झाली. अंत्य ‘रो’वरील आघात हा मूळ सहायक क्रियापदाचा अवशेष होय. आघातापूर्वीच्या ‘आर्’चा ‘एर्’ झाला तो फ्लोरेन्सच्या बोलीत. सिएनाने ‘कान्तारो’ राखले. १५२५मध्ये बेम्बोने चौदाव्या शतकातील फ्लोरेन्सची साहित्यभाषा आदर्श ठरवली, तेव्हा ‘कान्तेरो’च्या बाजूने पारडे झुकले.

काही धातूंत संकोच आणखी पुढे गेला. ‘वेदेरे’पासून (पाहणे) ‘वे-द्रो’ झाले आणि धातूचा अंत्य ‘द्’ पुढच्या अक्षरात गेला. ‘वेनिरे’पासून (येणे) ‘वेर्-रो’ झाले. येथे धातूचा ‘न्’च नाहीसा झाला.

समीक्षकाला याचे काय प्रयोजन? जुन्या इटालियन काव्यात ‘वेदेरो’ आणि ‘वेद्रो’ अशी दोन्ही रूपे आढळतात. अकरा अक्षरी चरणात एका अक्षराचा फरक निर्णायक ठरतो, त्यामुळे पाठनिश्चिती करणाऱ्या संपादकाला रूपेतिहास टाळता येत नाही. संरचना आणि इतिहास यांची फारकत अभ्यासाच्या सोयीसाठी ग्राह्य असेल; पण कवीच्या हाती येणारे रूप ही फारकत मानत नाही. ‘कान्तेरो’च्या शेवटच्या आघातात एक आख्खे क्रियापद अजून ऐकू येते.