एका खेळयंत्राचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें एकादें देऊळ, एकादी पडकी वेस किंवा नदीचा घाट उभा राहतो. आज मी ज्या वस्तूच्या जीर्णोद्धाराविषयीं बोलणार आहें ती इतकी हलकीसलकी आहे कीं, तिच्या बाबतींत हा भारदस्त शब्द वापरल्याबद्दल कांहीं श्रोत्यांना हंसूं येईल. अमेरिकेंतील उपाहारगृहांत, मद्यगृहांत व जत्रांतून नाणें टाकून खेळण्याचें ‘पिनबॉल’ नांवाचें एक यंत्र असतें. तें जुनें होऊन झिजलें म्हणजे त्याला पूर्वरूप कसें द्यावयाचें, आणि मुख्य म्हणजे त्याचें पूर्वरूप म्हणजे तरी कोणतें, हा आजचा विषय आहे.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांनीं आपल्याकडील मुलांच्या खेळण्यांतली बागाटेलची फळी आठवावी. उतरती लांकडी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, कडेला गोळी उडविणारी दांडी, आणि खिळ्यांवर आपटत आपटत खालीं येणारी गोळी. पिनबॉल म्हणजे हीच फळी. फक्त ती कमरेइतक्या उंच पायांवर ठेवलेली, कांचेनें झांकलेली आणि पोटांत विजेच्या तारांचें जाळें भरलेली. पलीकडच्या टोंकाला एक रंगीत कांच उभी असते. तिच्या मागें दिवे लागले कीं खेळणाऱ्याचे गुण उजळून दिसतात. पोलादी गोळीचें वजन सुमारें ८० ग्रॅम आणि व्यास २७ मिलिमीटर. एवढीशी ही गोळी. पण तिच्यापायीं नगरसभांनीं कायदे केले आणि पोलिसांनीं घण उचलले.

खेळाची वंशावळ फ्रान्सच्या राजघराण्यापर्यंत नेतात. बागाटेल हें पॅरिसजवळच्या एका लहानशा प्रासादाचें नांव. सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ, आर्त्वाचा काउंट, यानें तो १७७७ सालीं बांधविला. तेथील मेजवानींत हा खेळ मांडला होता व वाड्याचें नांव खेळाला चिकटलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचें राहूं द्या. पेटंटाचा कागद मात्र पक्का आहे. माँटेग्यू रेडग्रेव्ह नांवाचा एक इंग्रज कारागीर अमेरिकेंत सिनसिनाटी येथें स्थायिक झाला होता. त्यानें १८७१ सालीं बागाटेलमधील सुधारणांचें पेटंट घेतलें, आणि काठीनें गोळी ढकलण्याच्या ऐवजीं स्प्रिंगची दांडी आली. ती दांडी आजतागायत आहे.

पुढचीं साठ वर्षें आपण ओलांडून जाऊं. १९३१ सालीं, ऐन मंदींत, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबनें ‘बॅफल बॉल’ नांवाचें यंत्र साडेसतरा डॉलरला विकावयास काढलें. एका सेंटांत पांच ते सात गोळ्या खेळावयास मिळत. नोकरी गेलेल्या माणसाच्या खिशांत डॉलर नसला तरी सेंट असे, आणि एका सेंटांत घटकाभर चिंता विसरतां येई. सुमारें ५०,००० यंत्रें खपलीं. गॉटलीबला मागणी पुरी करतां येईना, तेव्हां त्याचीं यंत्रें विकणाऱ्या रेमंड मोलोनीनें ‘बॅलीहू’ नांवाचें आपलेंच यंत्र काढलें. ‘बॅली’ या प्रसिद्ध कंपनीचें नांव त्यावरूनच पडलें.

खेळणाराहि कांहीं साधाभोळा नव्हता. गोळी आडवाटेस लागली कीं तो यंत्राला धक्के देई, खालून ठोसे मारी. हॅरी विल्यम्स या कॅलिफोर्नियांतील कल्पक माणसानें यावर तोड काढली. प्रथम त्यानें एका लहानशा बैठकीवर एक गोळी तोलून ठेवली. यंत्र हललें कीं ती घसरे आणि लबाडी उघडकीस येई. पुढें तिची जागा गवंड्याच्या ओळंब्यासारख्या एका लोलकानें घेतली. लोलकाभोंवतीं धातूचें कडें असतें. लोलक हेलकावून कड्याला लागला कीं वीज वाहते आणि खेळ तेथेंच संपतो. याच विल्यम्सनें १९३३ सालीं ‘काँटॅक्ट’ या यंत्रांत बॅटरीची वीज आणली. खळग्यांत पडलेली गोळी आपोआप बाहेर फेकली जाऊं लागली आणि घंटा वाजूं लागली.

परंतु या सर्व यंत्रांत एक मोठी उणीव होती. गोळी एकदां सुटली कीं, धक्के देणें सोडल्यास, खेळणाऱ्याच्या हातीं कांहींच उरत नसे. कित्येक यंत्रें तर जिंकणाऱ्याला रोख नाणीं देत. मग याला खेळ म्हणावें कीं जुगार? लॉस एंजेलिसनें १९३९ सालीं यंत्रांवर बंदी घातली. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांचें मत तर याहूनहि कडक होतें. हीं यंत्रें शाळकरी मुलांच्या खिशांतले पैसे लुबाडतात व तो पैसा गुंडांच्या हातीं जातो, असा त्यांचा आरोप होता. जानेवारी १९४२ मध्यें तेथें बंदी आली. पोलिसांनीं हजारों यंत्रें जप्त केलीं. महापौरसाहेब स्वतः यंत्रें उलथीं पाडीत असल्याचीं छायाचित्रें निघालीं. आरोप सर्वस्वीं खोटा होता असें मला वाटत नाहीं. पण घणाखालीं जुगाराबरोबर पुष्कळसें सुंदर सुतारकामहि गेलें.

त्याच सुमारास युद्धामुळें अमेरिकेंत नवीं यंत्रें बनविणें थांबलें. कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. करमणुकीची भूक कांहीं थांबली नाहीं. तेव्हां जुन्यांनाच नवें करण्याचा धंदा निघाला. विल्यम्स आणि लिन ड्यूरंट यांनीं १९४२ सालीं ‘युनायटेड’ ही कंपनी काढली. ती जुनीं यंत्रें घेऊन त्यांना नवें नांव, नवी कांच व नवा रंग चढवून विकूं लागली. इतरांनींहि तोच मार्ग धरला. बागा, घोडे आणि सुंदर तरुणी जाऊन त्यांच्या जागीं विमानें व बाँब आले, शत्रुराष्ट्रांची टवाळी आली.

श्रोतेहो, आपल्या विषयाची खरी गांठ येथें आहे. असें युद्धकालांत रंगविलेलें एकादें यंत्र आज कोणाच्या हातीं लागलें असें समजा. वरचा रंग खरडला तर खालीं आधींच्या दशकांतलें मूळ चित्र सांपडण्याचा संभव आहे. मूळ चित्र अधिक सुबक. युद्धकालांतलें घाईचें, ओबडधोबड आणि आजच्या मनाला खटकणारें. जीर्णोद्धार करणाऱ्यानें काय करावें? पुष्कळ हौशी माणसें खरडतात. मला तें पटत नाहीं. सुबक चित्राचीं दुसरीं यंत्रें कोठें ना कोठें मिळतील. परंतु १९४३ सालीं अमेरिकन शिपाई घरीं रजेवर आला असतां कोणत्या चित्रावर गोळी आपटून सुखावत होता, याचा पुरावा त्या वाईट रंगांतच आहे. आपल्याकडे जुन्या दगडी देवळांवर भक्तिभावानें तैलरंगाचे थर चढवितात आणि मग पुराणवस्तूंचे जाणकार तेच थर काढीत बसतात. तेथें खालचा दगड अपूर्व असतो, म्हणून थर काढणें योग्य. येथें वरचा थरच अपूर्व आहे.

युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४७ मध्यें गॉटलीबच्या कारखान्यांतून ‘हम्प्टी डम्प्टी’ बाहेर पडलें. भिंतीवरून पडलेलें आणि पुन्हां कोणालाहि सांधतां न आलेलें तें बालगीतांतलें अंडें! जीर्णोद्धार करणाऱ्याच्या मार्गांत याहून अपशकुनी नांव येणें कठीण. हॅरी मॅब्ज या रचनाकारानें त्यांत खेळणाऱ्याच्या बोटाखालच्या बटणानें हलणाऱ्या सहा पट्ट्या बसविल्या. यांनाच फ्लिपर म्हणतात. आतां खालीं येणारी गोळी परत वर धाडतां येऊं लागली. दुसऱ्याच वर्षीं स्टीव्ह कॉर्डेक यानें ‘ट्रिपल ॲक्शन’ या यंत्रांत सहांच्या ऐवजीं दोनच, पण जोरदार, पट्ट्या तळाशीं बसविल्या आणि तोच प्रघात पडला. नशिबाच्या खेळांत कौशल्य शिरलें तें येथें. कायद्याला तें पटावयास मात्र जवळजवळ तीस वर्षें लागलीं. एप्रिल १९७६ मध्यें रॉजर शार्प नांवाच्या तरुण संपादकानें न्यूयॉर्कच्या नगरसभेच्या समितीपुढें प्रत्यक्ष खेळून दाखविलें. गोळी वरच्या कोणत्या वाटेनें जाईल हें त्यानें दांडी ओढण्यापूर्वींच सांगितलें, आणि गोळी त्याच वाटेनें गेली. ३४ वर्षांची बंदी त्या वर्षीं उठली.

आतां कामाकडे वळूं. एकादें ‘हम्प्टी डम्प्टी’ एकाद्या तळघरांत धूळ खात पडलेलें सांपडलें, तर पहिला नियम असा कीं, त्याला वीज जोडूं नये. तारांवरचें जुनें वेष्टण सुकून ठिसूळ झालेलें असतें. फ्यूजच्या जागीं पूर्वींच्या कोणी आळशी माणसानें जाड तार किंवा चांदीच्या वर्खासारखा कागद कोंबलेला असतो. या यंत्रांत हिशेब करणारें एकहि आधुनिक साधन नाहीं. गुण मोजणें, दिवे लावणें, कितवी गोळी चालूं आहे तें ध्यानांत ठेवणें, हीं सर्व कामें तारेचीं वेटोळीं, लोहचुंबक, दांतेरी चाकें आणि एकमेकींना टेंकणाऱ्या शेंकडों बारीक धातुपट्ट्या करतात. एक पट्टी चिकटून बसली कीं तिच्या वेटोळ्यांतून वीज वाहतच राहते, आणि तें कांहीं मिनिटांत जळून जातें.

गुण मोजणारीं चाकें बहुधा अडकलेलीं असतात, आणि तीं गंजानें नव्हे तर मायेनें! कोण्या काळीं कोणीतरी त्यांना सढळ हातानें तेल व वंगण पाजलेलें असतें. दशकांनंतर त्याचें रोगण बनतें. तीं उकलून स्पिरिटनें पुसावीं आणि जवळजवळ कोरडींच परत बसवावीं. धातुपट्ट्यांच्या टोंकांवर ठिणग्यांनीं काजळी धरलेली असते. ती अत्यंत बारीक कानशीनें हळूंच काढावी. खरखरीत पॉलिशकागद घांसला तर चांदीचें टोंकच निघून जातें. रबरी कडीं मात्र सगळींच बदलावीं. त्यांच्याविषयीं कोणींहि हळहळूं नये. यंत्र चालूं असतांनाहि तीं वरचेवर बदललींच जात.

येथपर्यंत सर्व जाणकारांचें एकमत आहे. मतभेद रंगापाशीं सुरूं होतो. फळीवर गोळीनें लाखों वेळां केलेल्या प्रवासाच्या वाटा पडलेल्या असतात. खळग्याच्या तोंडाशीं आणि फ्लिपरच्या टोंकांशीं रंग जाऊन लांकूड उघडें पडतें व त्यांत काळा मळ मुरतो. बाहेर, पेटीच्या दोन्ही बाजूंना, जेथें खेळणाऱ्यांचे तळवे टेंकत, तेथें रंग विरलेला असतो. लांकडी कठड्यावर विसरलेल्या सिगारेटचे तपकिरी डाग असतात. पुढच्या दाराशीं कुलुपाची पट्टी बसविण्यासाठीं धन्यानें पाडलेलीं भोंकें असतात. आंत पेटीच्या भिंतीवर दुरुस्ती करणाऱ्यानें पेन्सिलीनें लिहिलेल्या तारखा मिळतात, आणि किती गुणांना एक खेळ फुकट द्यावयाचा तें सांगणारें छापील कार्ड मिळतें. ‘केवळ करमणुकीसाठीं’ अशीं अक्षरें दिसलीं तर तीं निव्वळ शोभेचीं नव्हत. कायद्याच्या भीतीनें लिहिलेलीं तीं कैफियत आहे. पेटी खरडून, साच्यांनीं नवा चकचकीत रंग उडवून हें सर्व एका दिवसांत नाहींसें करतां येतें. विकणाऱ्याला त्यांत चार पैसे अधिक मिळतात हेंहि खरें.

माझा कल असा: उघड्या लांकडांत मळ आणखी शिरूं नये इतपत रंग त्या जागीं भरावा, वर पारदर्शक रोगणाचा पातळ हात द्यावा, आणि सिगारेटचे डाग जेथल्या तेथें राहूं द्यावे. उभ्या कांचेला तर सर्वांत जपावें. तिचें चित्र कांचेच्या मागल्या बाजूस छापलेलें असतें आणि दिव्यांच्या उष्णतेनें त्याच्या खपल्या सुटतात. मागून फडकें फिरविलें कीं नुसत्या धुळीबरोबर हम्प्टी डम्प्टीचें नाकहि येतें. तिची नक्कल करून खेळासाठीं ती लावावी आणि मूळ कांच अंधारांत, सपाट न ठेवतां उभी, जपून ठेवावी.

मग सगळेंच अंधारांत कां ठेवूं नये, असें कोणी विचारील. यंत्र चालविलें कीं तें झिजणार, हें उघड आहे. पण स्तब्ध उभें असलेलें पिनबॉल म्हणजे दिवे गेलेलें फर्निचर. २००६ सालीं लास व्हेगास येथें ‘पिनबॉल हॉल ऑफ फेम’ उघडलें, तें लोकांनीं पूर्वींसारखेंच नाणें टाकून जुनीं यंत्रें खेळावीं म्हणूनच. झीज होते, पुन्हां दुरुस्ती होते. जात्याला टांकी लावावी तसें हें चालतें.

शेवटीं एका मोहाविषयीं सांगितलें पाहिजे. ‘हम्प्टी डम्प्टी’चे फ्लिपर फार अशक्त आहेत. तळाच्या जोडीनें गोळी मधल्या जोडीपर्यंत पोंचवावी, मधलीनें वरच्या जोडीपर्यंत, आणि तेथून ती माथ्याकडे जावी, अशी ती एखाद्या जिन्यासारखी रचना आहे. म्हणून तर तेथें सहा पट्ट्या. आज मिळणारें जोरदार वेटोळें बसविलें तर खालची पट्टीच गोळीला थेट वर पोंचवील, वरच्या चारांना कांहीं काम उरणार नाहीं, आणि खेळणाऱ्याला १९४७ सालचा खेळ न मिळतां त्यानंतरचा मिळेल. तेव्हां वेटोळें मूळ मापाचेंच गुंडाळून घ्यावें, फळीचा उतार साडेतीन अंशांच्या आसपास ठेवावा, लोलक कड्याच्या मध्यावर आणावा, आणि मगच भिंतींतलें बटण दाबावें.