इटलीला गेलेली आपली माणसं

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

मला इटलीचं वेड आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे आणि त्यावरून माझी टिंगलही होते. कधी गेलो नाही, जाईन असंही वाटत नाही. पण संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव सुरू होतो, समोर सुवर्णदुर्ग हळूहळू काळा पडत जातो, आणि माझ्या मनात येतं की व्हेनिसच्या खाली त्या किओज्जा बंदरातही अशीच आरडाओरड चालत असेल.

हे वेड मी पुस्तकांवर भागवतो आणि गेलं वर्षभर मोबाईलमधल्या एआयवर. रात्री जेवण झालं की त्याला सांगायचं, आज लिगुरियाच्या किनाऱ्यावर फिरव. तो फिरवतो. मोंतेरोस्सोला अँचोवी मिठात कशी मुरवतात ते सांगतो. अँचोवी म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातली. घरातले म्हणतात, एवढी मांदेली दारात असताना तिकडची कशाला वास घेत बसलाय?

पण हे खूळ एकट्या माझं नाही, मराठी माणसाला ते सव्वाशे वर्षांपूर्वीच लागलं होतं. १९०६ मध्ये सावरकर लंडनला पोचले आणि त्यांनी मॅझिनीचे इंग्रजीत आलेले लेख मिळवून त्यांचं मराठी केलं. १९०७ मध्ये ते पुस्तक इकडे छापून निघालं, टिळक आणि शि. म. परांजपे यांना अर्पण केलेलं. पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. मॅझिनीने १८३१ मध्ये 'तरुण इटली' काढली होती, तिचा कित्ता नाशिकच्या पोरांनी 'अभिनव भारत' काढताना गिरवला. तेच सावरकर पुढे १९२४ ते १९३७ आपल्याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. त्या पिढीला इटलीचं खाणंपिणं, बागा, गाणी यांच्याशी कर्तव्य नव्हतं. परक्याला हाकलून एक झालेला देश एवढीच त्यांची इटली. पण तीही माझ्यासारखीच, कागदावरून आलेली.

उलट्या दिशेनेही एक जण आला होता. मनुची, व्हेनिसचा. १६६५ मध्ये तो मिर्झाराजे जयसिंगाच्या पुरंदरच्या छावणीत होता. राजाबरोबर पत्ते खेळत बसलेला असताना शिवाजी महाराज आत आले, असं त्याने लिहून ठेवलंय. महाराजांनी त्याची चौकशी केली, युरोपातल्या राजांबद्दल बोलणं झालं. महाराजांना वाटत होतं की युरोपात पोर्तुगालचा तेवढा राजा आहे, असं मनुची सांगतो. मनुची गप्पिष्ट माणूस, त्याचं सगळंच खरं धरू नये. पण प्रसंग भारी आहे.

हे दोन्ही विषय मी एआयला विचारले होते. उत्तरं पुस्तकांशी ताडून पाहिली, बहुतेक बरोबर निघाली. म्हणून हुरूप आला आणि एका रात्री विचारलं, आमच्या दापोली तालुक्यातून इटलीला कोण गेलं होतं?

विचारायला कारण होतं. माझ्या आजीचे एक चुलतभाऊ मराठा पलटणीत होते. आम्ही त्यांना सुभेदार आजोबा म्हणायचो, होते ते नाईक. लढाईबद्दल फारसं बोलत नसत. चिखल, बर्फ आणि छावणीच्या तारेबाहेर पाव मागत उभी राहणारी गोरी पोरं, एवढंच सांगायचे. गोरी माणसंसुद्धा उपाशी असतात हे आपल्याला तिथे कळलं, असं एकदा म्हणाले होते.

एआयने क्षणात एक शिपाई उभा केला. नाव, गाव, पलटण, तारीख, आईला लिहिलेलं पत्रसुद्धा. वाचताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग शोधायला लागलो तर माणूसच सापडेना. त्या नावाची नोंद नाही, पलटण सांगितली तिथे त्या तारखेला ती नव्हतीच. विचारलं तर चूक झाली म्हणाला आणि लगेच दुसरा शिपाई काढून दिला!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मॅझिनीवर, मनुचीवर पुस्तकं आहेत, तिथे हा गडी बरोबर बोलतो. आपल्या माणसांवर कोणी लिहिलंच नाही, तिथे तो मनाचं रचून सांगतो.

मग पुन्हा पुस्तकांकडे वळलो. 'द टायगर ट्रायम्फ्स' म्हणून १९४६ चं सरकारी पुस्तक आहे, इटलीत लढलेल्या तीन हिंदी डिव्हिजनांवर, ४, ८ आणि १०. आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली. तिथपासून मे १९४५ पर्यंत नदीमागून नदी ओलांडत ही माणसं उत्तरेकडे सरकत होती. ५,७८२ हिंदी सैनिक त्या मुलखात मेले. इटलीत दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ आपल्याकडे आले आणि त्यातले दोन मराठा पलटणीचे.

एक यशवंत घाडगे, आपल्या शेजारच्या माणगाव तालुक्यातले, वय २२. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. सेक्शनमधले बाकीचे सगळे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा हे एकटे मशिनगनवर धावून गेले. गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांची समाधी कुठे नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा आहे, गाडीतून जाताना आपण बघतो आणि पुढे जातो. २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक केलं.

दुसरे नामदेव जाधव, संगमनेरकडचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या पाण्यातून आणि सुरुंगांतून जखमींना उचलून आणलं, तीन मशिनगन बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना बोलावलं. जिवंत परतले.

ही झाली पदकवाल्यांची गोष्ट. बाकीच्यांचं काय? पहिल्या महायुद्धाच्या वेळी 'या गावातून इतके गेले' अशा दगडी पाट्या तरी काही गावांत बसल्या. दुसऱ्याच्या वेळच्या आमच्या बाजूला मला तरी दिसल्या नाहीत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत मेलेल्यांची नावं मिळतात, पुष्कळांच्या नावापुढे बापाचं नाव आणि गाव, जिल्हा रत्नागिरी असंही असतं. इंग्रजी स्पेलिंगमुळे गाव ओळखताना घाम फुटतो, पण मिळतं. ही माणसं सांग्रो नदीच्या, फोर्लीच्या युद्धस्मशानांत आहेत. परत आलेल्यांची मात्र अशी यादी नाही. ती घरोघरच्या ट्रंकांत आहे.

सुभेदार आजोबांचं पदक त्यांच्या सुनेने परवा काढून दाखवलं. सहा टोकांचा पिवळट तारा, इटली स्टार. फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल, म्हणजे इटलीच्या झेंड्याचेच रंग. इतकी वर्षं मी मोबाईलवर इटली शोधत होतो आणि ती त्या घरात लग्नाच्या शालूखाली पडलेली होती.

तर काम असं आहे. हर्णे, पाजपंढरी, आंजर्ले, मुरुड, दापोलीच्या आतली गावं, कोणाच्या घरी अशी फीत, सर्व्हिस बुक, पेन्शनचा कागद, पलटणीतला फोटो असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवा. कागद फाटके असले तरी चालतील, आठवण अर्धवट असली तरी चालेल, फक्त माहीत नसेल तिथे माहीत नाही असंच लिहा. फोन जमत नसेल तर कागद घेऊन या. लिलावाच्या वेळी मी बंदरावर असतोच.