प्राचीन धर्म व दैवते (संगणकीय खेळांच्या मॉडमधील)

‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०) या ऐतिहासिक व्यूहात्मक खेळात मॉडद्वारे, म्हणजे खेळाडूंनी केलेल्या फेरबदलांद्वारे, लुप्त धर्म जोडण्याचे काम साध्या मजकूर-फायलींतून होते. धर्मकुल, त्याखाली धर्म व धर्माखाली पंथ अशी ही उतरंड आहे. पंथाला तीन मुख्य तत्त्वे असतात. विवाह, पुरोहित इत्यादींचे नियम वेगळे नेमावे लागतात. पवित्र स्थळे नकाशावरील परगण्यांना जोडतात. ईजिप्तच्या धर्मासाठी थीब्झ, अबायडॉस ही ओघानेच येतात.

खरी कसोटी दैवतांची. धर्माच्या फायलीत युद्धदेवता, मृत्युदेवता अशा ठरीव जागा असतात. ईजिप्तचा ओसायरिस मृतांचा राजा, तसाच धान्य उगवविणारा देव. त्याला एकाच जागी बसवले की त्याचे अर्धे रूप हरवते. म्हणून आधी पुराणकथांचा अभ्यास हवा, फायली नंतर. भाषा-फायलीत नावाची नोंद राहून गेली, तर पडद्यावर नुसती सांकेतिक खूण उमटते.

कालविसंगतीचेही भान ठेवावे लागते. खेळाचा सर्वांत आधीचा आरंभ इ. स. ८६७ चा, ईजिप्तमधील फिली येथील इसिस देवीचे मंदिर मात्र सहाव्या शतकातच, सम्राट जस्टिनियनच्या काळात बंद झाले होते. तेथील शेवटचा ज्ञात चित्रलिपी-लेख इ. स. ३९४ चा आहे.