घर विकताना दलाल कोणता?

घर विकायचं ठरलं की दोन तऱ्हेचे दलाल पुढे येतात. एक टक्केवारी घेतो आणि गिऱ्हाईक शोधण्यापासून नोंदणीच्या कचेरीपर्यंत सोबत राहतो. दुसरा थोडी ठरीव रक्कम घेतो, मोबाईलवर जाहिरात टाकतो आणि बाजूला होतो. यातला कोणता धरावा, हे समजायला आधी दलालीचा इतिहास पाहू या.

दलाल हा शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. आपल्या भागाला तो कापसाच्या बाजारातून ठाऊक. पूर्वी व्यापारी आणि दलाल रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचे. ज्याचा कापूस, तो शेतकरी शेजारी उभा, पण भाव त्याला कळायचा नाही. शेजारच्या वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला आणि बाजारावर देखरेखीला समिती आली. पुढे महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समिती कायदा झाला. कापसाच्या दलालाला असा लगाम बसला. घराच्या दलालाला मात्र कितीतरी वर्षं काहीच नव्हता.

आपल्याकडे घरं विकलीही क्वचितच जात. कोरपना तेव्हा राजुरा तालुक्यात होतं आणि राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९५६ साली राजुरा आदिलाबादेतून निघून नांदेड जिल्ह्यात आलं आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात. संस्थानाचे कागद उर्दूत. ज्याला ते वाचता येत, त्याच्या हाती व्यवहार. बाकी घर गेलं तर भाऊबंदकीत किंवा शेजाऱ्याला, म्हणजे ओळखीतच.

१९८० नंतर सिमेंट कारखाने आले. आवारपूर, गडचांदूर, उपरवाहीकडे परगावचे कामगार आले, प्लॉट पडले, घरं झाली. बदली, निवृत्ती, मुलांचं शिक्षण, यासाठी ती विकली जाऊ लागली. घेणारा अनोळखी झाला, म्हणून मधला माणूस लागला.

स्वस्त दलालीची कल्पना अमेरिकेतली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली सांगितलं की घरांच्या दलालांनी संघटना करून दलालीचा दर बांधून ठेवणं बेकायदेशीर आहे. १९७५ साली तिथल्या शेअर बाजारातली बांधीव दलालीही गेली आणि कमी पैशांत कमी काम करणारे दलाल निघाले. आपल्या देशात मोबाईल घरोघरी पोचल्यावर हीच पद्धत घरांच्या विक्रीत आली.

आता हिशेब करू. समजा घराची किंमत २० लाख. २ टक्के दलाली म्हणजे ४०,००० रुपये. ठरीव रक्कम घेणारा १०,००० मागतो. वाचले ३०,०००. पण भावाची घासाघीस न जमून घर ५०,००० ने कमी गेलं, तर तोटा आपलाच. उलट शेजारचाच माणूस घर घ्यायला तयार असेल, तर ४०,००० कशाचे द्यायचे? म्हणून आधी आपलं काम कुठे अडलं आहे ते बघा. गिऱ्हाईक मिळत नाही, की कागद पुरे नाहीत?

आपल्याकडे बहुतेक वेळा कागदच अडतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक मिळावं म्हणून २०२० साली स्वामित्व योजना आली. आपलं पत्रक झालं का, ते विचारून घ्या. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. ती नसेल तर महागातला दलालही व्यवहार पक्का करू शकत नाही. आणि वडिलोपार्जित घरात मुलीचाही हक्क आहे. महाराष्ट्राने तो १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. “बाईची सही नंतर घेऊ” असं कोणी म्हटलं, तर तिथेच थांबा.

दलालाला बांधणारा कायदाही आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल तर काम पुरं झाल्याशिवाय मेहनताना देणं लागत नाही. आपल्याला न सांगता दलालाने स्वतःच घर घेतलं, तर त्याने मिळवलेला नफा आपण मागू शकतो. २०१६ च्या रेरा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली, पण ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या घरांसाठी आणि प्लॉटसाठी. गावातलं जुनं घर त्यात येत नाही. तिथे आपली लेखी चिठ्ठीच आपली राखण.

म्हणून आमचं सांगणं असं. कागद साफ आणि गिऱ्हाईक ओळखीचं असेल, तर थोड्या पैशांतला दलाल पुरे, किंवा तोही नको. नोंदणीपुरता वकील गाठा. आपण परगावी राहत असू, घरात एकटी बाई असेल किंवा वाटेकरी पुष्कळ असतील, तर सगळं काम करणारा धरा. दोन्ही वेळा कामं कोणती, दलाली किती, कधी द्यायची आणि समोरच्याकडूनही तो घेणार का, एवढं कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. घराचा भाव रुमालाखाली ठरू देऊ नका.